बंपरला सायकली टांगण्याआधी

प्रश्न: आमची पाच सीटची सीएनजी ईको आहे. मी, बायको आणि नववीतला मुलगा, तिघांनाही सायकलचा नाद. रविवारी पहाटे ऐरोलीहून निघायचं, मुरबाडच्या पुढे एखाद्या ओळखीच्या हॉटेलाशी गाडी लावायची आणि माळशेजच्या अलीकडच्या रस्त्यांवर सायकली हाणायच्या, असं आमचं चालतं. आतापर्यंत सायकली आत कोंबत होतो, पण मुलगा उंच झाला तशी त्याची सायकलही वाढली. परदेशातल्या व्हॅनच्या मागे लोखंडी बंपर असतो, त्याला दरवाजासारखा बाजूला फिरणारा हात आणि हातावर सायकली, तसं करावं असं मनात आहे. इथला एक फॅब्रिकेटर मूळ बंपर काढून पाईपचा बंपर आणि त्यावर रॅक साडेअठरा हजारांत करून देतो म्हणतो. 'वेल्डिंग मारलं की वर हत्ती बसवा', असं त्याचं म्हणणं. करून घ्यावं का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर: हत्ती बसेलही. तो बसल्यावर बंपर कशाला धरून राहणार, हे त्या फॅब्रिकेटरला विचारलंत का? वागळे इस्टेटमधल्या आमच्या शेडमध्ये अशा गाड्या येतात तेव्हा बंपर धडधाकट असतो. फाटलेला असतो तो बंपरमागचा पत्रा.

तुमच्या गाडीचा बंपर म्हणजे वरचं प्लास्टिकचं कवच, आणि तो वजन पेलायला केलेलाच नाही. परदेशातल्या ज्या व्हॅन तुम्ही पाहिल्यात त्या अंगापिंडाने मोठ्या. त्यांच्या मागे ट्रेलर ओढण्यासाठी चॅसीला बोल्ट केलेला आडवा चॅनेल आणि त्यात दोन इंची चौकोनी खोबण असते, त्यावर ही सगळी मांडणी उभी राहते. ईकोला अशी वेगळी शिडीसारखी चॅसी नाही. बॉडी आणि चॅसी एकच, खालून दोन्ही बाजूंना दुमडलेल्या पत्र्याच्या पेट्या जातात, आम्ही त्यांना मेंबर म्हणतो. जे काही लावायचं ते या दोन मेंबरना धरूनच. मागच्या पॅनेलच्या पातळ पत्र्याला चार बोल्ट मारून केलेलं काम पहिल्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांपर्यंत टिकतं.

आता वजनाचं बघू, कारण तुमच्या गाडीचा खरा प्रश्न तिथे आहे. पाईपचा बंपर पंचवीस किलो धरा, फिरणारा हात आणि रॅक वीस, तीन सायकली पंधरा-पंधराच्या. झाले नव्वद किलो. हे ओझं मागच्या एक्सलच्या साधारण एक मीटर मागे लोंबकळणार. ईकोच्या दोन्ही एक्सलमधलं अंतर २३५० मिलिमीटर. तरफेचा हिशोब केला तर पुढची चाकं सुमारे ३८ किलोंनी हलकी होतात आणि मागच्या एक्सलवर नव्वद नाही, जवळजवळ १२८ किलो येतात. भरलेली बादली अंगाजवळ धरणं आणि हात लांब करून धरणं, यात जो फरक तोच हा. त्यात तुमच्याकडे सीएनजीचं सिलिंडर आधीच मागे, मुलगाही मागच्या सीटवर. स्टेअरिंग पुढच्या चाकांवर चालतं आणि हलकं झालेलं चाक ओल्या घाटात हवं तसं वळत नाही. हेडलाइटही वर उचलले जातात, समोरचा शिव्या देतो. म्हणून माझं पहिलं म्हणणं: बंपर नकोच. त्याचे पंचवीस किलो तुम्हाला काहीही देत नाहीत. रॅक हवा आहे, तर रॅकपुरतंच बोलू.

कायद्याचंही तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच स्पष्ट केलं. पुढे लावतात त्या बुलबारवर कारवाई करा, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी २०१९ च्या दुरुस्तीनंतरची तरतूद आहे. मूळ बंपर काढून वेल्ड केलेला पाईप हा बदलच. पाच मिनिटांत काढून घरी ठेवता येतो तो रॅक मी सामान समजते. पण माझ्या समजुतीवर नाक्यावर वाद घालू नका, कामाचं रेखाचित्र घेऊन तुमच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर खाली वाकून बघतो, हे लक्षात असू द्या.

नंबर प्लेट आणि मागचे दिवे हा त्याहून रोजचा त्रास. सायकलचं चाक प्लेटवर आलं की कॅमेऱ्याला नंबर दिसत नाही, आणि 'नंतर काढणारच होतो साहेब' हे उत्तर पोलिसांनी हजारदा ऐकलेलं असतं. प्लेट उचलून रॅकवर लावण्याचा विचारही करू नका. एचएसआरपीचं, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं, लॉक एकदाच बसतं, काढताना तुटतं. तेव्हा रॅकची उंची ठरवायची ती दिवे आणि प्लेट मोकळी राहतील अशी. सायकली लावून, गाडीमागे दहा पावलं जाऊन, बायकोला ब्रेक दाबायला सांगा आणि बघा. डावीकडचा इंडिकेटर चाकाच्या आड गेला तर मागच्या रिक्षावाल्याला तुम्ही वळणार हे कळायचं कसं?

हे सगळं मान्य असेल तर काम कसं करून घ्यायचं ते सांगते. मूळ बंपर जागेवर राहू द्या. दोन्ही मेंबरना आतून-बाहेरून सहा मिलिमीटरच्या पट्ट्या, त्यांना जोडणारा एक आडवा चौकोनी पाईप, पाईपच्या मधोमध रॅक सरकवायची खोबण. सगळं बोल्टवर. मेंबर पोकळ असतो, बोल्ट आवळला की पेटी चेपते, चेपली की बोल्ट सैल. म्हणून प्रत्येक भोकात पोलादी नळीचा तुकडा, म्हणजे स्लीव्ह, घालून मगच बोल्ट. बोल्टच्या डोक्यावर ८.८, म्हणजे ताकदीचा दर्जा, कोरलेलं दिसलं पाहिजे. बारा मिलिमीटरचा असेल तर ऐंशी न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा, तोही टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने. 'हाताला कळतं' म्हणणाऱ्या कारागिराला मी टॉर्क रेंच देते, मग त्यालाही कळतं. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने सैल न होणारा, आणि जाड वॉशर. ड्रिल मारलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला झिंकचा प्रायमर लावल्याशिवाय पुढचं काम होऊ देऊ नका. ऐरोलीला खाडी किती जवळ आहे ते तुम्हाला सांगायला नको. उघडा पत्रा खाडीच्या हवेत दिवाळीपर्यंत तांबडा होतो.

ड्रिल मारण्याआधी खालून गॅसची नळी, पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कुठून जातो ते डोळ्यांनी बघायचं, आणि आतून मॅट उचलून सिलिंडरच्या ब्रॅकेटचे बोल्ट कुठे उतरतात तेही. त्या बोल्टना रॅक अजिबात जोडायचा नाही. सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाचा गॅस असतो. त्याच्या शेजारी वेल्डिंगची ठिणगी उडवायला तयार होणारा माणूस स्वस्तात काम करत असेल, तर तो कशात बचत करतोय ते समजून घ्या. आमच्याकडे गाडीवर वेल्डिंग करतच नाही. ब्रॅकेट टेबलावर वेल्ड होतो, रंगतो, मग गाडीला बोल्ट होतो. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, जवळ आली असेल तर आधी ती उरका, म्हणजे सिलिंडर उतरलेला असताना खालचा पत्रा नीट बघता येईल.

फिरणाऱ्या हाताबद्दल. ईकोचा मागचा दरवाजा वर उघडतो, त्यामुळे रॅक लावल्यावर डिकी बंद, हे तुमच्या मनात असणार. फिरता हात तो प्रश्न सोडवतो, पण वजन आणि कटकट दोन्ही वाढवतो. बिजागरीत पितळी बुश, त्यात ग्रीसचा निपल, आणि दोन कुलपं लागतात: एक बंद ठेवायला, दुसरं उघडा हात उघडाच राहावा म्हणून. दुसरं नेहमी विसरलं जातं. उतारावर हात आपोआप मिटतो आणि सामान काढायला वाकलेल्याच्या पाठीत बसतो. त्यापेक्षा खालून पिन काढली की मागे कलणारा रॅक घ्या. दरवाजा पूर्ण नाही उघडला तरी बॅग निघते. तुम्ही मुरबाडला गाडी लावून सायकलीच उतरवणार आहात. डिकी उघडायची वेळ येईल तेव्हा रॅक रिकामाच असेल.

रॅक टांगायचा प्रकार नको, खालून चाकं टेकवायचा घ्या. टांगलेल्या सायकली एकमेकींना घासतात, आणि बायकोची सायकल उतरत्या दांड्याची असेल तर तिला टांगायला वेगळी आडवी दांडी लागते. प्रत्येक चाकाला पट्टा, पुढचं चाक फ्रेमला बांधलेलं, नाहीतर वाऱ्याने हँडल फिरतं. सायलेन्सरचं तोंड कुठे आहे ते बघा. त्याच्या झोतात टायर आलं तर मुरबाड येईतो रबर मऊ झालेलं असतं. रॅकवर लिहिलेल्या वजनाच्या निम्मंच वजन मी आपल्या रस्त्यांना धरते. कल्याण-मुरबाड रस्त्यावर एकदा गेलात की कारण समजेल.

आणि टपावर लावू का, असा पुढचा प्रश्न येणार म्हणून आधीच सांगते: ईको एक मीटर ऐंशीच्या आसपास उंच, वर उभी सायकल मीटरभर. पोडियम पार्किंगच्या आडव्या पट्टीला हा हिशोब येत नाही.

मुलाची सायकल आत आणि बाकी दोन रॅकवर, असं जमत असेल तर जरूर करा. पुढचं चाक काढलं की मोठी सायकलही मागच्या सीटशेजारी तिरकी बसते. रॅकही दोन सायकलींचाच लागेल, हलका, आणि साडेअठरा हजारांतले बरेचसे खिशात राहतील.

प्रश्न: माझ्या हॅचबॅकला पट्ट्यांनी बांधायचा रॅक आहे. घोडबंदर रोडवरून जाताना पट्टे सैल होतात आणि डिकीवर रंगाचे ओरखडे पडलेत. काय करावं?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर: ओरखडे रॅकने नाही, धुळीने पडतात. पॅडखाली गायमुखच्या बाजूची बारीक खडी अडकली की तिचा सॅंडपेपर होतो. रॅक लावण्याआधी पत्रा आणि पॅड दोन्ही ओल्या फडक्याने पुसा, पॅडखाली पारदर्शक फिल्म लावून टाका. पॅड पत्र्यावरच टेकले पाहिजेत, काचेवर नाही. हुक दरवाजाच्या पत्र्याच्या कडेला, प्लास्टिकच्या स्पॉयलरला कधीच नाही. पट्टे नवे असोत की जुने, पहिल्या पाच-सात किलोमीटरनंतर थांबून पुन्हा ओढायचेच, मग सुटं टोक गाठ मारून बंद करा. पट्ट्याची कड झिजून धागे दिसत असतील तर पट्टा बदला, शिवून घेऊ नका. सायकली लावलेल्या असताना डिकी उघडू नका, दरवाजा वर धरणाऱ्या गॅसच्या दांड्यांचा जोर तेवढ्या वजनाला पुरत नाही, दरवाजा डोक्यावर येतो.

प्रश्न: रॅक लावला की रिव्हर्सला सेन्सर सतत ओरडतो. वायर कापून टाकू का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर: कापू नका. सेन्सरला रॅकच भिंत वाटतोय, त्याची चूक नाही. काही गाड्यांत बंद करायचं बटण किंवा स्क्रीनवर पर्याय असतो, नसेल तर सेन्सरच्या मॉड्यूलजवळचा कपलर काढून ठेवा, रॅक उतरवला की परत लावा. तोवर मागे घेताना कुणाला तरी खाली उतरवा. रॅक बंपरच्या हातभर मागे असतो, आरशात त्याचा अंदाज येत नाही.