बी.ए. जर्मननंतर प्राध्यापक व्हायचंय. साहित्य घ्यावं की भाषा शिकवणं?

साहित्यात एम.ए. करा, पण शिकवायला आत्तापासूनच लागा. कारण सरळ आहे: जर्मनच्या कायम जागा कमी निघतात, आणि बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावरच होते. तेव्हा घर चालतं ते भाषा शिकवून.

एम.ए.साठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग, हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ), दिल्लीचं जेएनयू. सहायक प्राध्यापकपदासाठी एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटला जर्मन विषय आहे. पीएचडी करताना डाडची (जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) शिष्यवृत्ती मिळाली तर जर्मनीतल्या ग्रंथालयात बसून वाचता येतं. त्याची सर इथल्या झेरॉक्सना नाही.

भाषेची सी१ पातळी मात्र एम.ए.च्या आतच करून टाका. तिच्या खालच्या बी२वर कादंबरी वाचता येते, चर्चासत्रात तोंड उघडवत नाही (स्वानुभव!).

आणि भाषा शिकवणं कमी प्रतीचं समजू नका. आपल्या मुलांना तीन लिंगं नवी नाहीत, तो-ती-ते आहेच. तरी सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, 'डी झोनऽ', म्हटलं की वर्ग हसतो. मुलगी, 'दास मेडशेन', नपुंसकलिंगी निघाली की भांडायलाच उठतो. मग सांगायचं की शेवटचा 'शेन' लघुत्व दाखवतो आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगीच. आपल्याकडे नाही का, मांजर ती असते आणि पिल्लू ते! व्याकरणाचं असं कुतूहल असेल तर प्रबंधाचा विषयही वर्गातच सापडेल.