‘डाउर’ म्हणजे खडूस का?

प्रश्न असा आला आहे: इंग्रजी वर्तमानपत्रांत एखाद्या माणसाला, कधी क्रिकेटमधल्या खेळीलाही ‘डाउर’ म्हणतात (स्पेलिंग डी-ओ-यू-आर). याचा नेमका अर्थ काय, आणि आपल्या ‘दुर्मुखलेला’मधला ‘दुर्’ तोच का?

दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे, तो ‘दुर्’ हा नव्हे. आपला ‘दुर्’ म्हणजे वाईट. त्याचा ग्रीक भाऊ ‘डिस’, जो डिसेंट्री आणि डिस्लेक्सियात भेटतो. ‘डाउर’ स्कॉटलंडचा. तिथल्या बोलीत तो चौदाव्या शतकापासून सापडतो आणि त्याचं मूळ बहुधा लॅटिन ‘दूरुस’, म्हणजे कठीण. तो थेट आला की गेलिक भाषेतून वळसा घेऊन, यावर कोशकार ‘बहुधा’च्या पुढे जात नाहीत. एन्ड्युअर, ऑब्ड्युरेट, ड्युरेस हे याच ‘दूरुस’चे वंशज. ड्युरम गहूसुद्धा. आपण रव्या-शेवयांसाठी घेतो तो बन्सी गहू याच जातीचा, आणि त्याचा दाणा दाताखाली धरला की नाव का पडलं ते लगेच कळतं.

‘दूरुस’ला आणखी मागे, ‘देवदारु’मधल्या ‘दारु’पर्यंत (म्हणजे लाकूड) नेणारेही अभ्यासक आहेत. इंग्रजी ‘ट्री’ त्या कुळातला नक्की, ‘दूरुस’बद्दल मात्र एकमत नाही. पण वाद गोड आहे.

आता अर्थ. ‘स्टर्न’ माणूस कडक असतो, पण तो घरी जाऊन खळखळून हसत असेल. ‘सलन’ म्हणजे फुगून बसलेला, उद्या उतरेल. ‘डाउर’ची उदासी तात्पुरती नाही, ती स्वभावातच मुरलेली. कडक आणि घुम्या यांची बेरीज केली की जवळपास तो होतो. म्हणून ‘दुर्मुखलेला’ इथे चालत नाही, दुर्मुखायला काहीतरी घडावं लागतं. ‘तुसडा’ही पुरता बसत नाही, कारण तो अंगावर येतो; डाउर माणूस तेवढीही तसदी घेत नाही. ब्रिटिश पत्रकारांनी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांना (2007 ते 2010) ‘डाउर स्कॉट’ म्हणून म्हणून ते विशेषण गुळगुळीत केलं. स्कॉटिश माणूस म्हणजे हसू जपून वापरणारा, हा इंग्रजांचा जुना लाडका समज त्यामागे आहे.

स्कॉटिश वापरात मात्र या शब्दात चिवटपणाही आहे, हट्टीपणाही. ‘डाउर इनिंग्ज’मध्ये तोच अर्थ डोकावतो: फटके नाहीत, पण विकेटही मिळत नाही. इथे मराठीत हुकमी शब्द तयार आहे, मुंबई क्रिकेटचा ‘खडूस’. 1958-59 ते 1972-73 अशी सलग 15 वर्षं रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईच्या परंपरेला हा शब्द कौतुकाने चिकटला. न हसणारा शेजारी खडूस आणि बाद न होणारा फलंदाजही खडूस! ‘डाउर’चे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सांभाळणारा दुसरा मराठी शब्द मला तरी सुचत नाही. फक्त त्याचा सूर बोलीचा आहे, तेव्हा गंभीर चरित्राच्या अनुवादात ‘करडा’ वापरावा.

उच्चार दोन आहेत. जुना ‘डूअर’, ‘पुअर’शी जुळणारा, नवा ‘डावर’, ‘पॉवर’शी जुळणारा. कोशांत दोन्ही आहेत. मी जुना करतो, पण नवा उच्चार करणाऱ्याला कुणी हसू नये.