पाचवं विमान घेण्याआधी

नागपूर, रविवार रात्र

प्रिय पोरा,

आशीर्वाद. विमान कंपनी चालवायच्या तुझ्या त्या खेळाबद्दलचा मेसेज रात्री पावणेदोनला आला. सत्तर सीटची, पंख्यांवर चालणारी तीन एटीआर आहेत, गेल्या आठवड्यात १८० सीटचं एक ए३२० जेट घेतलं, हैदराबादच्या रूटवर दुसऱ्या कंपनीनं तिकीट पाचशे रुपयांनी पाडलं, तोटा आठवड्यागणिक वाढून राहिला, आणि शेवटी प्रश्न: "काका, आता पाचवं कोणतं घेऊ?"

तुझा खेळ चांगला आहे, मेहनत आहे, हे तुला सांगायची गरज नाही. पण तू सोबत जोडलेला वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट मी पुन्हा पुन्हा पाहिला. तुझं पहिलं एटीआर सकाळी ७:०० ला सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, सुटतं, ८:१५ ला हैदराबाद. ९:०० ला तिथून निघतं, १०:१५ ला परत. आणि मग १६:४० पर्यंत उभं. सहा तास पंचवीस मिनिटं! संध्याकाळी पुन्हा एकदा जाऊन येतं आणि १९:५५ ला झोपतं. दिवसाला चार उड्डाणं, पाच तास. दुसरं तसंच, तिसरंही तसंच. तीन विमानं मिळून दिवसाला पंधरा तास उडतात. चांगलं चालवलेलं एक एटीआर दिवसाला बारा तास उडू शकतं. म्हणजे तीन विमानांचे छत्तीस तास तुझ्या हाती आहेत, त्यातले एकवीस तू वापरतच नाहीस, आणि पाचवं विमान मागतोस. काऊन?

या पत्रात एकच गोष्ट आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. आधी आहेत त्या विमानांचे तास भर. नवं विमान त्यानंतर.

हिशेब करून दाखवतो. तुझ्या खात्यात एका एटीआरचं लीज, म्हणजे भाडं, महिन्याला १ कोटी २० लाख आहे. विमान उडो न उडो, ते जाणारच. दिवसाला चार उड्डाणं म्हणजे महिन्याला १२०, प्रत्येक उड्डाणावर लीजचा बोजा एक लाख रुपये. सत्तर सीट सगळ्या भरल्या तरी सीटमागे १,४२९. आता तेच विमान दिवसाला दहा उड्डाणं करू दे. महिन्याला ३००, बोजा चाळीस हजार, सीटमागे ५७१. फरक ८५८ रुपयांचा. समोरच्यानं तिकीट किती पाडलं? पाचशे. तुझा तोटा त्याच्या पाचशेमुळे नाही, तुझ्या दुपारच्या उभ्या विमानामुळे आहे.

दहा उड्डाणं बसवायची कशी? हे घे. ६:०० नागपूर–हैदराबाद, ७:१५ पोच, ७:४० परत, ८:५५ नागपूर. ९:२० इंदूर, १०:३० पोच, १०:५५ परत, १२:०५ नागपूर. इथे पंचेचाळीस मिनिटं थांब. १२:५० हैदराबाद, १४:०५ पोच, १४:३० परत, १५:४५ नागपूर. १६:१० इंदूर, १७:२० पोच, १७:४५ परत, १८:५५ नागपूर. पुन्हा पंचेचाळीस मिनिटं. १९:४० हैदराबाद, २०:५५ पोच, २१:२० परत, २२:३५ नागपूर. ब्लॉक टाइम, म्हणजे सगळ्या उड्डाणांचा निघाल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ मिळून, बारा तास दहा मिनिटं. रात्री सव्वासात तासांहून जास्त वेळ तपासणीला मिळतो.

टर्नअराउंड, म्हणजे उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ, मी २५ मिनिटांचा धरलाय, तू ४५ चा ठेवलास. सत्तर सीटच्या एटीआरला ४५ लागत नाहीत. प्रवासी मागच्या दारानं, स्वतःच्याच जिन्यानं उतरतात, सामान पुढच्या बाजूनं निघतं, एरोब्रिजची वाट पाहावी लागत नाही. पण दहाही उड्डाणं २५ मिनिटांच्या अंतरानं चिकटवलीस तर सकाळी हैदराबादला झालेला वीस मिनिटांचा उशीर रात्रीच्या शेवटच्या उड्डाणापर्यंत लोळत जाईल, आणि खेळ तुझ्या वक्तशीरपणाचे गुण कापेल. ती दोन पंचेचाळीस मिनिटांची अंतरं त्यासाठीच आहेत, उशीर तिथे जिरतो. शिवाय इंदूरहून आलेला प्रवासी पुढे हैदराबादला जोडता येतो. बहुतेक खेळांत २५ मिनिटांची जोडणी धरतच नाहीत. तुझ्या खेळात किमान किती लागते ते सेटिंगमध्ये पाहून घे.

आणि वेळा बघ. नागपूरचा माणूस सहाला निघून हैदराबादला काम उरकून २१:२० ला परतीच्या विमानात बसतो. हैदराबादचा माणूस ७:४० ला इकडे निघून १९:४० ला परत जातो. समोरच्या कंपनीचं ए३२० निघतं १०:१० ला आणि १५:३० ला. त्याच्याकडे १८० सीट आहेत, पण एका दिवसात जाऊन येणाऱ्यासाठी एकही सोयीची वेळ नाही. कंपनीच्या पैशानं जाणारा प्रवासी पाचशे रुपयांसाठी हॉटेलात मुक्काम करत नाही. तो तुझा आहे, आणि तू समोरच्या कंपनीला घाबरून तिकीट स्वस्तात विकायला निघालास.

तिकिटाचं एवढंच. सहाचं आणि रात्रीचं उड्डाण पूर्ण दरात ठेव, हात लावू नकोस. दर पाडायचा तो फक्त दुपारच्या १२:५० च्या आणि १४:३० च्या उड्डाणाचा, तोही त्याच्या बरोबरीला नको, शंभर-दीडशे वर ठेव. खेळात दराचे टप्पे करता येत असतील तर सत्तरपैकी पंधरा सीट त्याच्या भावात टाक, बाकी आपल्या भावात. १९८५ च्या जानेवारीत अमेरिकन एअरलाइन्सनं हेच केलं होतं: आगाऊ काढलेल्या मोजक्या जागा स्पर्धक पीपल एक्स्प्रेसच्या स्वस्त भावात, बाकी जागा नेहमीच्या. पीपल एक्स्प्रेस त्या वेळी धडाधड वाढत होती, त्याच वर्षी तिनं फ्रंटियर ही दुसरी कंपनीही घेतली. १९८७ पर्यंत ती कॉन्टिनेन्टलमध्ये विलीन होऊन संपली होती. विमानं होती, प्रवासीही होते.

आता तू म्हणशील, दुपारचं विमान रिकामं गेलं तर? बरोबर आहे, तास भर म्हणजे हवा वाहून ने असं नाही. तुझ्या खात्यात हैदराबादच्या एका उड्डाणाचा चालू खर्च, म्हणजे इंधन, लँडिंग, हँडलिंग, साधारण १ लाख २० हजार दिसतो. दुपारचं तिकीट २,६०० ठेवलंस तर ४७ प्रवासी झाले की तो खर्च निघाला. अठ्ठेचाळिसाव्यापासून पुढचा प्रत्येक रुपया लीज फेडतो. या हिशेबात लीज धरू नकोस. विमान उभं ठेवलं तरी ते जातंच, ही गोष्ट नव्या खेळाडूंच्या डोक्यात शिरत नाही. चार आठवडे सरासरी ४७ च्या खाली राहिली तर ते उड्डाण काढ आणि तो वेळ पुण्याला दे. पण चार आठवडे! नव्या उड्डाणाची ओळख व्हायला खेळ वेळ घेतो. तू तिसऱ्या दिवशी बंद करतोस, माझा जीव तुटतो बघ.

दुसऱ्या एटीआरला पुणे दे. सुमारे ६०० किलोमीटर, ब्लॉक एक तास चाळीस मिनिटं. पुण्याला तीनदा जाऊन-येऊन आणि इंदूरला एकदा, म्हणजे १२ तास २० मिनिटं. दोन्ही विमानांचे तास भरले की मग तिसऱ्याला हात लाव. तोवर तिसरं सकाळ-संध्याकाळच्या गर्दीला हैदराबाद आणि पुण्याला एकेक जादा उड्डाण करेल, आणि दुपारी एखादं बिघडलं किंवा तपासणीला गेलं तर त्याची जागा घेईल. रायपूर नको, २८० किलोमीटरवर रेल्वे आणि रस्ता तुला खाऊन टाकतील. बंगळूर एटीआरनं नको, ८९० किलोमीटरला सव्वादोन तासांहून जास्त लागतात, जेटसमोर तू दिसणारसुद्धा नाहीस.

वैमानिकांचं विसरू नकोस. वर्षाला एका वैमानिकाला १,००० तास ही मर्यादा आपल्याकडे खरोखर आहे, आणि चांगले खेळ ती पाळतात. बारा तास गुणिले ३६५ म्हणजे ४,३८०. एका विमानाला पाच जोड्या, रजा-आजार धरून सहा. तू तीन ठेवल्यास. नवं वेळापत्रक टाकण्याआधी भरती कर, नाहीतर दुसऱ्या महिन्यात उड्डाणं आपोआप रद्द व्हायला लागतील आणि तू म्हणशील की काकांचं गणित चुकलं.

ते ए३२०. लीज महिन्याला तीन कोटी. दिवसातून एकदा मुंबईला जाऊन येतं, म्हणजे महिन्याला साठ उड्डाणं, प्रत्येक उड्डाणावर पाच लाख. सगळ्या १८० सीट भरल्या तरी सीटमागे २,७७८ रुपये निव्वळ लीज. इंधन अजून धरलंच नाही. डिपॉझिट बुडालं तरी चालेल, परत कर. या आठवड्यात कर. एका वेगळ्या जातीच्या विमानासाठी वेगळे वैमानिक, वेगळे सुटे भाग, वेगळी देखभाल, आणि ते बिघडलं तर त्याच्या जागी उभं करायला दुसरं नाही. इंडिगोनं २००६ च्या ऑगस्टमध्ये उड्डाण सुरू केलं ते ए३२० घेऊन, आणि पहिलं एटीआर उडवलं डिसेंबर २०१७ मध्ये. अकरा वर्षं एकाच कुळातली विमानं. किंगफिशरकडे एटीआर होतं, ए३२० होतं, ए३३० होतं, ए३८० ची ऑर्डरही होती. २०१२ मध्ये सगळं जमिनीवर. किंगफिशर काही एवढ्या एका कारणानं बुडाली नाही, पण तू तुझ्या चार विमानांत तीच खिचडी शिजवायला बसलास.

या बाबतीत मी हेकट आहे असं बरेच जण म्हणतात. म्हणू देत. एखाद्या मोठ्या मार्गावर घाईनं घुसून बाजार पकडणारे खेळाडूही असतात, नाही म्हणत नाही. पण त्यांच्या गल्ल्यात सहा महिन्यांचं लीज असतं, तुझ्याकडे अडीच आठवड्यांचं आहे. मला स्वतःला हे फार उशिरा उमगलं, आणि त्या उशिराची खंत अजून जात नाही, म्हणून तुझ्यावर एवढा चिडतोय.

साउथवेस्टचं उदाहरण तुला पाठ असायला हवं. १९७१ मध्ये तीन बोइंग ७३७ वर सुरू झालेली टेक्सासची छोटी कंपनी. चौथं आलं, आणि १९७२ मध्ये पैशांच्या तंगीत एक विकावं लागलं. त्यांनी चार विमानांचं वेळापत्रक तीन विमानांवर उडवलं, टर्नअराउंड दहा मिनिटांवर आणून. तंगीत त्यांनी पाचवं मागितलं नाही. आधी तास भरले.

आणि नागपूर हब, म्हणजे विमानं जोडायचं केंद्र, म्हणून निवडलंस ते मनापासून आवडलं. देशाच्या मध्यावरचं गाव आहे, १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली ती याच भरवशावर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांची विमानं मध्यरात्री इथे उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत परत. चारही एकाच वेळी उतरायची म्हणून ते जमलं. तुझ्या वेळापत्रकात दुसरं एटीआर १०:२५ ला येतं आणि हैदराबादचं निघतं १६:४० ला. नकाशावर नागपूर मध्यावर असल्याचा त्यात काय उपयोग झाला? दुसऱ्या एटीआरची पुण्याहून परतायची वेळ १२:०० च्या आसपास बसव, म्हणजे ती १२:५० च्या हैदराबादला मिळेल.

कर्ज अजिबात काढू नकोस. ए३२० गेलं की महिन्याचे तीन कोटी सुटतात, त्यातून तीन महिन्यांचं एटीआरचं लीज बाजूला पडेपर्यंत बाकी काही घेणं नाही. पाचवं विमान कधी, हे विचारायचंच असेल तर उत्तर हे: तिन्ही एटीआर सलग आठ आठवडे साडेअकरा तासांच्या वर उडाली, सरासरी ७५ टक्के सीट भरल्या, आणि तरीही सकाळच्या उड्डाणाला प्रवासी परत पाठवावे लागले, तेव्हा. आणि तेही एटीआरच. रात्री पावणेदोनपर्यंत जागून कर्जाच्या अटी वाचत बसू नकोस, सकाळी उठून हे बसव.

बुधवारी रात्रीपर्यंत मला नवं वेळापत्रक पाठव. प्रत्येक विमानाचे रोजचे तास, प्रत्येक उड्डाणाचा चालू खर्च, तो फेडायला लागणारे प्रवासी, आणि गेल्या चार आठवड्यांत खरे किती बसले, असे चार रकाने. चौथा रकाना रिकामा ठेवलास तर मी उघडणार नाही.

तुझा,
काका