फॉस्फरससोबत बोरॉनही घातला तर?

प्रश्न : सिलिकॉनमध्ये किंचित फॉस्फरस मिसळला की वीजवहन खूप वाढतं. सोबत बोरॉनही घातला तर आणखी वाढेल का?

उत्तर : नाही, उलट घटेल! फॉस्फरसच्या पाच बाह्य इलेक्ट्रॉनांपैकी चार शेजारच्या सिलिकॉन अणूंशी बंध जोडण्यात गुंततात. पाचवा जेमतेम ०.०४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेनं सुटतो. खोलीच्या तापमानाला तो मोकळाच असतो आणि असे मोकळे इलेक्ट्रॉनच वीज वाहून नेतात. शुद्ध सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे १,००० कोटी मुक्त इलेक्ट्रॉन असतात. ५० लाख अणूंमागे फॉस्फरसचा एकच अणू आला, तरी ते १० लाख पट होतात. बोरॉनला मात्र एक इलेक्ट्रॉन कमी पडतो आणि फॉस्फरसनं सोडलेला नेमका तोच अडकवून ठेवतो. दोन्ही समप्रमाणात असतील तर सगळा खटाटोप वाया! म्हणूनच मूळ सिलिकॉन आधी अतिशुद्ध करावं लागतं.