सायकल-सल्ला: तिसऱ्या मजल्यावरचा ट्रेनर

प्रश्न: राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. पावसाळ्यात पन्हाळ्याची फेरी बंद पडते, म्हणून स्मार्ट ट्रेनर (सायकल घरात जागेवरच चालवायचं, पेडल आपोआप जड-हलकं करणारं यंत्र) घ्यायचा आहे. सायकल हायब्रिड, मागे ८ गिअर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. मागचा टायर रोलरवर टेकवायचा प्रकार घ्यावा की मागचं चाक काढून बसवायचा?

उत्तर: चाक काढून बसवायचा, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह घ्या. रोलरवर घासणाऱ्या टायरची घरघर खालच्या घरात जाते, आणि हायब्रिडचा टायर नक्षीचा असेल तर फारच. डायरेक्ट ड्राइव्हच्या खालीही जाड रबरी मॅट हवीच, कारण फरशीतून थरथर उतरते. ट्रेनर दाखवतो त्या वॅटच्या, म्हणजे पायांच्या ताकदीच्या आकड्यात रोलरवाल्यांचा फरक कंपन्याच ३ ते ५ टक्के सांगतात. डायरेक्ट ड्राइव्हचा साधारण १ ते २.५.

पैसे देण्याआधी मागचा ॲक्सल (चाकाचा आस) मोजा. डिस्कच्या हायब्रिडला बहुधा १३५ मिमीचा क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा) असतो, थ्रू-ॲक्सल (आरपार जाणारा जाड आस) असेल तर १२ × १४२ किंवा १२ × १४८. त्या मापाचे ॲडॅप्टर डब्यातच आहेत ना, हे दुकानात विचारा. मग कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच. बऱ्याच ट्रेनरबरोबर ती येत नाही. तुम्हाला ८ स्पीडची लागेल, शक्यतो सायकलवर आहे तेवढ्याच दात्यांची. ट्रेनरचा फ्रीहब (कॅसेट चढते तो भाग) ११ स्पीडचा असेल तर कॅसेटच्या मागे १.८५ मिमीचा स्पेसर (पातळ कडी) घाला. तो राहिला तर लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट हलते आणि गिअर नीट बसत नाहीत. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळा. चाक काढल्याबरोबर ब्रेक पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा अडकवा. चुकून लीव्हर दाबला गेला तर पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत आत जात नाही.

पन्हाळ्याच्या तयारीसाठी ट्रेनर किती टक्के चढ दाखवू शकतो ते बघा. काही स्वस्त मॉडेल ६-७ टक्क्यांवर थांबतात.

अर्ग मोडमध्ये ट्रेनर ठरवलेले वॅट कायम धरून ठेवतो. वॅट म्हणजे पायाचा जोर गुणिले पेडलचा वेग. त्यामुळे पाय मंदावला की पेडल जड होतं, जड झालं की पाय आणखी मंदावतो, आणि शेवटी पेडल अडतं. जड टप्पा सुरू व्हायच्या आधीच मिनिटाला ९० फेऱ्यांपर्यंत पोचा. अडलंच तर वॅट कमी करून पुन्हा वेग धरा.

दमट हवेत घाम सुकत नाही. पंखा समोर ठेवा, हँडलवर टॉवेल टाका आणि उतरल्यावर स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट व हेडसेट (त्याखालचे बेअरिंग) पुसा. घामातल्या मिठाने तेच आधी गंजतात.

प्रश्न: माझ्याकडे रोलरचा ट्रेनर आहे. वॅट रोज वेगळे येतात.

उत्तर: दर वेळी टायरमध्ये तेवढीच हवा भरा, रोलरचा नॉब तेवढेच आटे फिरवा, १० मिनिटं चालवून टायर तापल्यावरच स्पिन-डाउन (वेग घेऊन पाय थांबवायचे आणि ट्रेनरला आकडे जुळवू द्यायचे) करा. ट्रेनरचा खास टायर लावला असेल तर त्यावर रस्त्यावर जाऊ नका. ओल्या डांबरावर तो घसरतो.