उंदराचे यकृत, माणसाचे औषध

प्रश्न : लठ्ठपणा आणि यकृतातील मेदावरचे नवे औषध उंदरांमध्ये यशस्वी ठरल्याच्या बातम्या वारंवार वाचायला मिळतात, मग त्यांपैकी बहुतेक औषधे माणसांपर्यंत का पोहोचत नाहीत?

उत्तर : मुख्य अडचण अशी की, उंदराचा आजार बहुधा प्रयोगशाळेतच घडवलेला असतो. सुमारे ६० टक्के उष्मांक चरबीतून देणारा आहार काही महिने दिला, की उंदीर लठ्ठ होतो आणि त्याच्या यकृतात मेदही साचतो. पण माणसात धोकादायक ठरणारे तंतुमय व्रण त्याच्यात क्वचितच गंभीर रूप धारण करतात. उलट मेथिओनिन व कोलीन ही पोषकद्रव्ये वगळलेल्या आहाराने यकृताला सूज आणि व्रण लवकर येतात खरे, मात्र तो उंदीर चक्क वाळत जातो. लठ्ठपणाच्या औषधासाठी असा नमुना काय कामाचा? लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकाचे उदाहरण बोलके आहे. त्याचा शोध १९९४ मध्ये लागला आणि हे संप्रेरक जन्मतःच नसलेले लठ्ठ उंदीर त्याच्या इंजेक्शनांनी सडपातळ झाले. परंतु बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात ते आधीच भरपूर असल्याने त्यांना फारसा उपयोग झाला नाही. तरीही उंदरांवरच्या या चाचण्या निरर्थक नाहीत, कारण औषधाचा विषारीपणा आणि सुरक्षित मात्रा यांचा पहिला अंदाज त्यांतूनच मिळतो.