खुराक वाढवला की गाय वैरण का सोडते?

प्रश्न : आमची संकरित होल्स्टिन गाय नुकतीच व्यायली आहे. दूध वाढावे म्हणून मक्याचा भरडा एकदम दुप्पट केला, तेव्हापासून ती कडबा खात नाही आणि शेणही पातळ टाकते. असे का व्हावे?

उत्तर : निव्वळ कडब्यावरची गाय पोट भरले म्हणून थांबते, ऊर्जा भरपूर असलेल्या आहारावर मात्र पोटात जागा शिल्लक असतानाही तिची भूक मंदावू शकते. तुमच्या गाईत याहून गंभीर गोष्ट घडत असावी. मक्यातील स्टार्च कोठीपोटात (गाईच्या पोटाचा पहिला, सर्वांत मोठा कप्पा) वेगाने आंबून आम्ले साठतात, रवंथ घटल्याने त्यांना शमवणारी लाळही अपुरी पडते, आणि तिथला सामू (pH; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) 6 च्या खाली गेला की तंतुमय वैरण पचवणारे जिवाणू मंदावतात. परिणामी कडबा न पचता पोटात रेंगाळतो आणि भूक आणखी घटते. भरडा पूर्वीच्या मात्रेवर आणावा, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवून दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावा. आहारातील एकूण शुष्क पदार्थांत (पाण्याचा अंश वगळून उरणारा भाग) भरड्यासारखा खुराक निम्म्याहून अधिक नसावा. कडब्याची कुट्टी (तुकडे) अगदी बारीक करू नये, कारण रवंथासाठी लांब तंतू लागतात. ताज्या व्यालेल्या गाईचे दूध आधी वाढते, भूक नंतर. तेवढा धीर अवश्य धरावा. मात्र तिने चारा पूर्ण सोडला किंवा रवंथ थांबले, तर पशुवैद्यकांना त्याच दिवशी बोलवावे.